मोठ्या कुटुंबाचे मुंबईदर्शन : कोठे उतरावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कुटुंबमेळाव्यापुढे झालेले भाषण)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, व्यवसाय अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने व्हावीत अशी प्रथा आहे. त्या मानाने आजचा माझा विषय आपणांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मोठे कुटुंब मुंबई पाहावयास निघाले असता त्याने कोठे उतरावे, एवढाच तो प्रश्न. तथापि या प्रश्नाच्या पोटात नातेसंबंध आहेत, वृद्धांची सोय आहे, स्त्रियांचे श्रम आहेत, आणि ज्ञातिसंस्था म्हणून आपले कर्तव्य काय हा प्रश्नही आहे. म्हणून थोडा वेळ आपले लक्ष या विषयाकडे वेधण्याची परवानगी मी मागतो.

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की जिल्ह्याजिल्ह्यांतील आपली कुटुंबे मुंबईचा बेत आखू लागतात. आजी-आजोबा, दोघे-तिघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलेबाळे, माहेरी आलेली बहीण आणि तिची दोन मुले, असा पंधरा-वीस माणसांचा तांडा सहज होतो. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणून तिकिटांची काळजी साठ दिवस आधी वाहिली जाते. काय काय पाहावयाचे याची यादी मुले करतात. मुक्कामाचा विषय निघाला की मात्र घरातील कर्ता पुरुष म्हणतो, ‘त्यात काय? आपले कोणी ना कोणी तेथे आहेच.’ आणि विषय तेथेच मिटतो. माझे म्हणणे असे की, जो विषय सर्वांत शेवटी येतो तो सर्वांत आधी आला पाहिजे. कारण मुक्काम कोठे, यावरच कुटुंबातील कोणाला मुंबई दिसणार आणि कोणाला नाही, हे ठरून जाते.

पूर्वी या बाबतीत तीन वाटा होत्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली आणि पुढील काही दशकांत घाट ओलांडून लोहमार्ग देशभर पसरले. तेव्हापासून मुंबईस येणाऱ्या उतारूंपैकी काही नातेवाइकांच्या बिऱ्हाडी उतरत, काही धर्मशाळेत पथारी टाकीत, आणि ज्यांची ऐपत असे ते भोजन-निवासाच्या गृहांत राहत. क्रॉफर्ड मार्केटसमोरील सरदारगृह हे या तिसऱ्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसानही तेथेच झाले. ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. पण सामान्य मराठी माणसाच्या दृष्टीने ते राहण्याचे नव्हे, समुद्रकाठी उभे राहून पाहण्याचे स्थळ होते. हे तीनही मार्ग आजही मोकळे आहेत. मात्र प्रत्येकाचे स्वरूप पालटले आहे, आणि ते ध्यानात न घेता जुन्याच हिशेबाने चालल्यास त्रास होतो.

प्रथम नातेवाइकांच्या घराचा विचार करू. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपले मुंबईकर नातलग गिरगावात, परळ-लालबागेत, दादरला राहत. खोली दहा बाय बाराची असली तरी चाळीचा लांबलचक व्हरांडा होता; पुरुषमंडळी तेथे अंथरुणे पसरीत, शेजारी आपली खोली आनंदाने उघडून देत, आणि घरातून पाऊल बाहेर टाकले की बस दारात उभी असे. आता गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि त्याच नातलगांची पुढची पिढी डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार येथे स्थायिक झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आणि कल्याण सुमारे ५४. चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर. घरापासून स्टेशन, स्टेशनापासून गाडी आणि परतीचा तसाच प्रवास धरला तर रोजचे तीन तास सहज मोडतात. चार दिवसांच्या मुक्कामात बारा तास, म्हणजे दर्शनाचा एक अख्खा दिवस, गाडीच्या दांडीला लोंबकळण्यात गेला.

घराच्या आतील हिशेब याहून कठीण आहे. समजा, आपली माणसे सतरा आणि यजमानांच्या घरी चार, एकूण एकवीस. स्नानगृह एक. प्रत्येकाने अवघी पंधरा मिनिटे घेतली तरी तीनशे पंधरा मिनिटे झाली. म्हणजे पहिले माणूस पहाटे चारला उठले तर शेवटचे सव्वानऊला न्हाऊन निघेल. मुंबईतील पुष्कळ इमारतींत पाणी ठराविक वेळीच येते, ही गोष्ट निराळीच. आणि त्याच घरातील मुलाला सात वाजताची शाळा आहे, गृहिणीला आठची लोकल गाठून कचेरीत पोचावयाचे आहे. ‘घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण आपण हसत हसत म्हणतो; ती माऊली मात्र न हसता निभावते. दारात उभ्या राहिलेल्या दिराला, नणंदेला, मामेसासऱ्यांना ‘नाही’ म्हणण्याची मुभा आपल्या चालीरीतींनी तिला दिलेली नाही. जी नकार देऊ शकत नाही तिच्या अगत्याची परीक्षा पाहणे, हे पाहुणेपणाच्या मर्यादेत बसत नाही.

याचा अर्थ नातेवाइकांना टाळावे असा कोणी करू नये. मुंबईस जाऊन त्यांना न भेटता परतणे, ही तर दुसऱ्या टोकाची उणीव होय. भेट अवश्य घ्यावी. पण ती आधी कळवून, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एका जेवणापुरती असावी. शक्य तर त्यांनाच आपल्या मुक्कामी बोलावून एक सायंकाळ चौपाटीवर एकत्र घालवावी. ज्या घरी एखाद्याच वृद्धाची सोय होण्यासारखी आहे आणि यजमानांचा मनापासून आग्रह आहे, तेथे त्या एकाने राहावे. सतरा माणसांनी मात्र आपली व्यवस्था स्वतः करावी. नाते जपण्याचा हा मार्ग अधिक खर्चाचा वाटला तरी तो अधिक टिकाऊ आहे.

आता धर्मशाळांकडे वळू. काळबादेवी, भुलेश्वर, सी. पी. टँक या भागांत नाना ज्ञातींच्या वाड्या, धर्मशाळा आणि अतिथिगृहे दिसतात. दर माफक, जेवण शाकाहारी, परिसर देवळांचा. कुटुंबवत्सल माणसास ही जागा आवडते. परंतु येथे दोन गोष्टी मला आपल्यापुढे मोकळेपणाने मांडल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी की, धर्मशाळा ही संस्था ‘स्वस्त हॉटेल’ म्हणून जन्मास आली नाही. ज्याला दुसरा आसरा नाही त्याच्यासाठी ती आहे. परळला १९४१ साली टाटा रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण तेथे येत आहेत. उपचार महिनोन्महिने चालतो, आणि रुग्णाच्या नातलगांना पदपथावर पथारी टाकावी लागल्याचे दृश्य त्या भागात नवे नाही. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा बांधविल्या, आणि त्यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा याच रुग्णांना थारा देते. ज्या ठिकाणी रुग्णांना जागा दिली जाते, तेथे ओळखीची चिठ्ठी लावून सहलीच्या मंडळींनी खाटा अडवणे हे पाप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. आपल्याला चार रात्री काढावयाच्या असतात. त्या खाटेची वाट पाहणाऱ्याला कदाचित आयुष्य काढावयाचे असते.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण ज्ञातिसंस्थेच्याच व्यासपीठावरून ती बोलली गेली पाहिजे. ‘फक्त अमुक ज्ञातीच्या लोकांसाठी’ ही पाटी आपल्याला फार काळ सोयीची वाटत आली. कारण आपण पाटीच्या आतल्या बाजूस होतो. बाहेरच्या बाजूस काय घडत होते, याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. परदेशातून उच्च विद्या संपादून १९१७ च्या सुमारास बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात उतरण्यास जागा मिळेना. एका पारशी निवासात त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. पण ते कोण आहेत हे कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने हॉटेले आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचे दरवाजे जातीच्या कारणाने कोणासही बंद करता येणार नाहीत असे ठरविले, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने सार्वजनिक धर्मशाळा व मुसाफिरखाने यांचाही त्यात समावेश केला. कायदा झाला, पण मुक्काम शोधताना ‘आपल्यातलेच आहेत ना?’ ही चौकशी अद्याप आपल्या ओठांवर येते. मुक्कामाची जागा स्वच्छ आहे का, सुरक्षित आहे का, बायकामुलांना संकोच वाटणार नाही ना, एवढे अवश्य विचारावे. शेजारच्या खोलीत कोण उतरले आहे, हे विचारण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष शहराकडे येऊ. मुंबईचा नकाशा हातात घेतला तर ती उत्तर-दक्षिण पसरलेली एक लांबट पट्टी दिसते, आणि दर्शनीय स्थळांपैकी बहुतेक तिच्या दक्षिण टोकाला एकवटलेली आहेत. १९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया, तेथून चालत जाण्याइतके जवळ असलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक, आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही सर्व दोन-अडीच किलोमीटरांच्या परिघात येतात. घारापुरीच्या लेण्यांस जाणाऱ्या लाँचही गेटवेवरूनच सुटतात. गिरगाव चौपाटी, वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव, महात्मा गांधी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईस आले असता जेथे उतरत तो गावदेवीचा मणिभवन, मुंबादेवी, महालक्ष्मी ही त्या पलीकडची पायरी. भायखळ्याची राणीची बाग आणि प्रभादेवीचा सिद्धिविनायक तिसरी पायरी. कान्हेरीची लेणी तेवढी दूर, बोरिवलीस.

यातून एक साधा नियम निघतो. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे वाहते आणि सायंकाळी उत्तरेकडे. जो उपनगरात उतरतो तो दोन्ही वेळा गर्दीबरोबर लोटला जातो. जो दक्षिणेस उतरतो त्याची बहुतेक स्थळे पायांखाली असतात, आणि कान्हेरीसारख्या दूरच्या ठिकाणी निघाला तर तो गर्दीच्या उलट दिशेने, बसावयास जागा मिळवून जातो. आजोबांच्या गुडघ्यांना आणि कडेवरच्या मुलाला हा फरक फार मोठा आहे.

तेव्हा पहिली पसंती टर्मिनस, क्रॉफर्ड मार्केट आणि फोर्ट या भागास द्यावी. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ या गाड्या सकाळी येथेच येतात, त्यामुळे सामानासह पुढची यातायात वाचते. दोष असा की, इमारती जुन्या, जिने उभे, खोल्या लहान आणि रस्त्याचा आवाज बराच. दुसरी पसंती गिरगाव-ग्रँट रोडची; जेवणाची सोय उत्तम आणि समुद्र जवळ. तिसरी दादरची. येथे पश्चिम आणि मध्य दोन्ही लोहमार्ग एकत्र येतात, मराठी जेवण दारात मिळते, शिवाजी पार्क व चैत्यभूमी जवळ. टर्मिनस सुमारे नऊ किलोमीटरांवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाल्याने दादर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक ही स्थानके एका सुतात ओवली गेली आहेत. म्हणून दादरला उतरणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुखाचे झाले आहे. विमानतळाजवळ अंधेरीस मात्र विमानाने येणाऱ्यांनीच, तेही शेवटच्या एका रात्रीपुरते, उतरावे.

‘दक्षिणेकडील जागा महाग’ हा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण अपुरा आहे. एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार उतारू बसतात. सतरा माणसांना प्रत्येक खेपेस पाच टॅक्सी लागतात. दूरच्या स्वस्त खोलीत वाचविलेला पैसा या पाच टॅक्स्या दोन दिवसांत फस्त करतात. म्हणून खोलीचे भाडे एकटे न पाहता भाडे, प्रवासखर्च आणि वेळ यांची बेरीज करावी आणि मग दोन जागांची तुलना करावी.

जागा ठरविताना दूरध्वनीवर काही प्रश्न न संकोचता विचारावेत. उद्वाहन आहे का, आणि ते रात्री चालू असते का? खोलीस स्वतंत्र स्नानगृह आहे का, गरम पाणी कोणत्या वेळी? खोलीचा दिवस दुपारी बाराला संपतो की आल्या वेळेपासून चोवीस तास धरला जातो? सकाळी सहाला पोचल्यास खोली मिळेल, की सामान ठेवून बाहेर बसावे लागेल? कर धरून एकूण किती, आणि जादा गादीचे किती? दुसरा जिना आहे का? प्रौढ माणसांची ओळखपत्रे सर्वत्र मागतात, ती बरोबर ठेवावीत. आता संगणकावरून अख्खे घर भाड्याने घेण्याची सोय झाली आहे. मोठ्या कुटुंबास ती चांगली. मात्र त्या इमारतीच्या सोसायटीची परवानगी आहे याची खात्री करावी, नाहीतर पहारेकऱ्याशी वाद घालण्यात पहिली संध्याकाळ जाते.

सतरा माणसांना एक मोठे दालन आणि दोन स्नानगृहे घ्यावीत, की पाच खोल्या? पुन्हा हिशेब पाहा. दोन स्नानगृहांत शेवटचा माणूस दोन तासांनंतरही ओलाच. पाच खोल्यांत पाच स्नानगृहे असतील तर तासाभरात सर्व तयार. खोल्यांची वाटणी करताना आजी-आजोबांची खोली उद्वाहनाजवळ किंवा सर्वांत खालच्या मजल्यावर, आणि त्यांच्या शेजारी रात्री हाक ऐकू येईल असे एक तरुण जोडपे, ही काळजी घ्यावी.

आता एक गोष्ट भगिनींच्या वतीने बोलतो. पैसे वाचविण्यासाठी स्टोव्ह, पातेली, तांदूळ आणि मसाल्याचे डबे बरोबर घेऊन निघणारी कुटुंबे अजूनही आहेत. पुरुष आणि मुले गेटवे पाहून येतात, आणि घरातील दोन सुना मुक्कामी सतरा माणसांच्या पोळ्या लाटीत बसतात. गावी परतल्यावर ‘मुंबई कशी वाटली?’ असे त्यांना विचारले तर त्या काय सांगणार? स्वयंपाकघर येथेही होते आणि तेथेही होते! म्हणून मुक्काम असा निवडावा की जवळ चांगली खाणावळ किंवा उपाहारगृह असेल, आणि बेत ठरतानाच घरात जाहीर करावे की, हे चार दिवस चूल बंद. पथ्याचा भात किंवा तान्ह्याची खिमट एवढ्यापुरती सोय मुक्कामच्या व्यवस्थापकाकडे मागता येते.

वृद्धांचेही तसेच. ‘तुम्हांला चालवणार नाही, तुम्ही खोलीवरच बसा’ हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो, पण ते ऐकणाऱ्याला लागते. घारापुरीस लाँचने जाण्यास सुमारे एक तास लागतो आणि पुढे शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे सर्वांनी जाण्याचा हट्ट नको. परंतु मुक्काम जवळ असेल तर सकाळी दोन तास पाहून दुपारी परतता येते, वृद्धांना आडवे होता येते, आणि सायंकाळी तेच ताजेतवाने होऊन चौपाटीवर येतात. दूरच्या मुक्कामात ही दुपारची विश्रांती अशक्य होते, आणि मग वृद्ध आपोआप वगळले जातात. कोणी त्यांना वगळत नाही, अंतर वगळते.

दिवसांचीही निवड असते. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, म्हणून तो दिवस पायी फिरण्यास ठेवावा. घारापुरी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी, राणीची बाग बुधवारी बंद असते. ६ डिसेंबरच्या सुमारास दादरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय येतो, आणि गणेशोत्सवात लालबाग-गिरगाव भरून वाहतात. ज्यांना त्यासाठीच जावयाचे असेल त्यांनी फार आधी जागा धरावी, इतरांनी त्या तारखा सोडाव्यात.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, मुंबईतील निरनिराळ्या भागांतील कुटुंबयोग्य निवासांची एक यादी मंडळाने करावी. सभासदांनी परतल्यावर आपला अनुभव लिहून कळवावा आणि यादी दरवर्षी सुधारावी. दुसरी, सुट्टीच्या काळात दोन-तीन कुटुंबांनी मिळून जाण्याचे ठरविल्यास एकत्र खोल्या घेऊन दर कमी करून मागण्याचे काम मंडळाच्या चिटणिसांनी करावे. तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंडळाच्या ताब्यात आज किंवा उद्या निवासाची जी जागा येईल, तिच्यावर पहिला हक्क उपचारासाठी आलेल्या रुग्णाचा आणि परीक्षेसाठी आलेल्या विद्यार्थ्याचा असावा, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो. सहलीच्या मंडळींचा क्रम त्यानंतर. असा ठराव आपण एकमुखाने केला तर पुढील पिढी आपल्याबद्दल दोन शब्द चांगले बोलेल.

बंधुभगिनींनो, मुंबई पाहावयास जाणे म्हणजे नुसत्या इमारती पाहणे नव्हे. एरवी शेत, दुकान, कचेरी आणि स्वयंपाकघर यांत विखुरलेले कुटुंब चार दिवस एका ठिकाणी, एकाच वेळी मोकळे असते. असे प्रसंग आयुष्यात फार थोडे येतात. म्हणून येत्या सुट्टीचा बेत करताना प्रथम आजीचे गुडघे, सुनेचे हात आणि यजमानीणबाईंची सकाळ यांचा विचार करा, मग मुक्काम ठरवा, आणि मग तिकिटे काढा.